उचललेला रुपया

सोनारीच्या काळभैरवाची आण घेऊन सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. मी तिथं होतो. या डोळ्यांनी पाहिलं, या कानांनी ऐकलं. आता डोळ्यांनी पाहिलं म्हणावं तर पाहण्यासारखं तिथं काही नव्हतंच. आणि ऐकलं ते सगळं खाजाभाईनं; यंत्र त्याच्या कानाला होतं, मी नुसता कुदळ धरून उभा. आणि आणेचं म्हणाल तर भैरोबाची खोटी आण मी आधीही घेतलेली आहे, एकदा बायकोसमोर, एकदा जमादारासमोर, आणि दोन्ही वेळा देवानं सांभाळून घेतलं. तेव्हा असं करू, एक जागा सोडून सगळं खरं. ती जागा कुठली ते शेवटी सांगतो, मध्ये विचारायचं नाही. ती वात तेवढी जरा वर करा.

परंड्यात मोटारी थांबतात तिथं माझं चहाचं हॉटेल, आणि त्याला चिकटून खाजाभाईचं दुकान. दुकान म्हणजे एक फळी. फळीवर पोट फाडून ठेवलेले रेडिओ, मुके झालेले ग्रामोफोन, गॅसबत्त्या. हात सोन्याचा होता त्याचा, पण डोकं जागेवर बसेल तर शपथ. एकदा सोलापूरच्या जुन्या बाजारातून पोत्यात गुंडाळून काहीतरी घेऊन आला. मला आत बोलावून, दाराला पोतं लावून उघडून दाखवलं. लांब दांडा, दांड्याच्या टोकाला थाळी, पाठीला अडकवायची पेटी, आणि कानाला लावायच्या दोन वाट्या.

"लढाईतलं हाय," तो म्हणाला. "जमिनीत सुरुंग पेरलेले असतात ना, ते हुडकायचं यंत्र. लोखंड आलं, तांबं आलं, चांदी आली की कानात कोकलतं."

"परंड्यात कुणी सुरुंग पेरलाय, खाजाभाई?"

"सुरुंग न्हाय रे. रुपये!"

यंत्र मोडकंच होतं. रेडिओची बॅटरी जोडून, नवे वाल्व घालून, पत्रावळीएवढी थाळी काढून ताटलीएवढी बसवून त्यानं ते चालू केलं. अंगणात पुरलेला चमचा सापडला तेव्हा लहान पोरासारखा नाचला. मग मी विचारायचं ते विचारलं, की याला पैसे कुठून आणले. तर खाजाभाई एकदम स्क्रू हुडकायला लागला.

त्याच्या बायकोचे, नसीमभाभीचे तोडे. चांदीचे, माहेरचे, तिच्या आईच्या पायातले. पेटीतून काढून गड्यानं मोडून टाकले होते, आणि भाभीनं त्याच आठवड्यात पेटी उघडली.

"चिल्लाली असती तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "गप बसली."

खरं होतं. मी सकाळी चहा घेऊन गेलो तर भाभी चुलीपुढं बसलेली, पाठ आमच्याकडं. मला म्हणाली, "बिभीषणभाऊ, तुमच्या दोस्ताला सांगा. जुम्म्याला कुर्डूवाडीहून माझा भाई यायलाय, गफार. माझ्या पायात तोडे असले तर चाय पिऊन जाईल. नसले तर मला घेऊन जाईल." नवरा हातभर अंतरावर बसलेला होता. निरोप माझ्याकरवी. आणि ती बोलली ते करणारी बाई होती, हे दोन्ही घरांना ठाऊक होतं. ती गेली तर परत येणार नव्हती.

गुंडप्पा सोनाराकडं गेलो. तो म्हणाला, "चांदी आणा, गुरुवारपर्यंत तोडे घडवून देतो. पण चांदीच्या गोष्टी सांगू नका, चांदी दावा."

जागा मी सुचवली. ते माझंच डोकं, नाही म्हणत नाही.

सोनारीच्या वाटेवर ओढ्याच्या अलीकडं सिताबाईच्या फडाचं थेटर होतं. मातीचा ओटा, वर पत्रे, तिन्ही बाजूंनी तट्ट्या. जत्रेच्या दिवसांत बैलगाड्यांनी माळ भरून जायचा. मी मिसरूड फुटायच्या वयात तिथं सोडा विकायचो, त्यामुळं फडाची रीत मला पाठ. शौकीन माणसानं रुपया ओट्याकडं भिरकवायचा. सोंगाड्यानं तो उचलून कपाळाला लावायचा आणि खच्चून पुकारायचं, अमक्या गावचे अमके यांच्याकडून एक रुपया दौलतजादा! रुपया उचलला म्हणजे गाणं कबूल. मग बाईचा घसा बसलेला असो की पायाला फोड आलेले असोत, त्या माणसाच्या पसंतीची लावणी व्हायलाच पाहिजे. नाही झाली तर लोक उठायचे नाहीत. बसून राहायचे, पहाट झाली तरी. म्हणून फार दमणूक झाली की सोंगाड्या रुपयाकडं बघायचाच नाही. पडू दे. धुळीत जाऊ दे. न उचललेल्या रुपयाला गाणं नाही.

असे किती धुळीत गेले असतील! तेही हाली रुपये, निजामाच्या राज्यातले, चारमिनारचे. हाली चलन बंद पडून दोन-तीन वर्षं झाली होती. दुकानात कुणी घेत नव्हतं, पण चांदी ती चांदीच.

थेटर मोडलं ते संस्थान विलीन झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. भर खेळात वळवाचं वादळ आलं, पत्रे उडाले, मधला खांब खाली आला. काही माणसं बसल्या जागीच गेली. सिताबाई गाड्या जुंपून कर्नाटकात उतरली ती पुन्हा इकडं फिरकली नाही. तट्ट्या लोकांनी जाळायला नेल्या, पत्रे कुणी कुणी नेले. ती जमीन मात्र कुणी नांगरली नाही. का नाही, असं मी कुणाला विचारलं नव्हतं. विचारायला पाहिजे होतं.

रात्री जायची सोय नव्हती. माळावर कंदील दिसला की अर्धं गाव मागं येतं, आणि जमिनीतलं धन सरकारचं, हे जमादार उठता-बसता ऐकवायचा. म्हणून भर दुपार धरली. वैशाखातल्या दुपारी त्या माळावर कुत्रंसुद्धा फिरत नाही.

ऊन असं की नजर ठरत नव्हती. वारा पडलेला. ओट्याची माती ढासळून तिचा लांबट उंचवटा झालेला, आणि त्याच्यापुढं मोकळं अंगण, गुळगुळीत, गवताचं एक पातं नाही. चहूकडं पिवळं पडलेलं गवत, आणि एवढ्याच तुकड्यात काही उगवलेलं नाही. मी म्हटलं, "किती माणसं बसून गेली असतील इथं, जमीन कशी तुळतुळीत झालीय बघा."

खाजाभाईनं कानाला वाट्या लावल्या, पेटी पाठीला टाकली आणि थाळी जमिनीवरून फिरवायला सुरुवात केली. यंत्राची गुणगुण मला बाहेर ऐकू यायची नाही, त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं. आधी खिळे निघाले, मग पत्र्याचे तुकडे. मग त्यानं हात वर केला, मी कुदळ घातली, आणि काळा पडलेला, पण चारमिनार स्पष्ट दिसणारा एक रुपया हातात आला.

मला काय बुद्धी झाली! तो रुपया मी कपाळाला लावला आणि सोंगाड्याच्या आवाजात ओरडलो, "नळदुर्गचे शिवप्पा छत्रीवाले यांच्याकडून एक रुपया दौलतजादा!"

खाजाभाईनं एक वाटी कानावरून सरकवली. "कोन शिवप्पा?"

"हाय कुणीतरी. छत्री दुरुस्त करतो."

तो हसला, आणि मला तेवढंच पाहिजे होतं. आठवड्यात पहिल्यांदा हसत होता. मग प्रत्येक नाण्याला मी नाव देत गेलो. भूमचे पैलवान, बार्शीचे अडते, लग्नातून पळून आलेला एक नवरदेव. एक पावली निघाली तर म्हटलं, "जमादारसाहेब यांच्याकडून चार आणे, तेबी दुसऱ्याचे!" खाजाभाई पोट धरून खाली बसला. फडकं भरत चाललं होतं.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "बिभीषण्या, खोकू नको. नीट ऐकू येत न्हाय."

"म्या कुठं खोकलो?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं, वाट्या हलवल्या, पेटीवर दोन चापट्या मारल्या. "वाल्व तापला असंल." पुन्हा थाळी फिरवली. दोन पावलं गेला आणि थांबला.

"बिडी पेटवली का तू?"

"या उन्हात? अंगच पेटलंय माझं."

वास मात्र मलाही आला. बिडीचा, आणि त्याच्याखाली ओल्या घोंगडीचा, खळ्यात एकत्र बसलेल्या पुष्कळ माणसांचा असतो तसा. वारा तर नव्हताच. मी म्हटलं, ओढ्याच्या अंगाला मेंढरं असतील. ओढ्याच्या अंगाला मेंढरं नव्हती, मला तिथून दिसत होतं.

"काय ऐकू येतंय?" मी विचारलं.

"चुळबुळ."

"म्हंजे?"

"म्हंजे... खेळ सुरू व्हायच्या आधी लोक बसलेले असतात ना... कोन मांडी बदलतो, कोन खाकरतो, कोन पोराला गप म्हनतो... तसं." त्यानं वाट्या काढून माझ्यापुढं धरल्या. "तू बघ लावून."

मी कुदळीचं पातं तपासायला घेतलं. त्यानं पुन्हा धरल्या, तेव्हा मला पातं फारच सैल झाल्यासारखं वाटलं.

त्यानंतर मी नावं पुकारायची बंद करणार होतो. तेवढ्यात पुढचं नाणं निघालं ते मी सदऱ्याला दोनदा पुसून पाहिलं. एका हाली रुपयाच्या खाली, मातीत घट्ट चिकटून, एक नवा पैसा होता. नवे पैसे, रुपयाला शंभरवाले, त्याच्या आदल्याच साली निघालेले. थेटर मोडून कैक वर्षं झाली होती, आणि हा खाली, जुना वर.

"मेंढक्यांपैकी कुणाचा पडला असंल," खाजाभाई म्हणाला.

"व्हय," मी म्हणालो.

दोघांनाही घरी जावंसं वाटत होतं. पण फडक्यातली चांदी अजून भाभीच्या एका पायापुरतीच होती, आणि एका तोड्यानं गफार चहा पिऊन गेला नसता. खाजाभाईनं घाम पुसला आणि थाळी ओट्याकडं नेली. तिथं भराभर रुपये निघाले. शेवटी ओट्याच्या अगदी मधोमध, जिथं बाई उभी राहायची, तिथं थाळी गेली आणि तो जागच्या जागी ताठ झाला.

"काय?"

त्यानं तोंडावर बोट ठेवलं. मग ओठ हलवून म्हणाला, "गप झाले... सगळे एकदम गप झाले."

मी खणलं. फार खणावं लागलंच नाही. रुपया वरच होता, आत्ताच कुणी टाकल्यासारखा. काळा पडलेला नव्हता. उचलला, आणि हात आपोआप कपाळाला गेला. मी ओरडणार नव्हतो, खरंच सांगतो. पण तोंडातून निघालं, "अणदूरचे महारुद्र, मेंढरं विकून आलेले, यांच्याकडून एक रुपया दौलतजादा..."

आधीची सगळी नावं मी बनवली होती. थाप मारणाऱ्याला थाप मारताना कळत असतं, ती कुठून निघते ते. हे नाव मी बनवलं नव्हतं. ते तोंडात आधीच होतं.

खाजाभाईनं वाट्या कानावर दाबून धरल्या. "टाळ्या..." तो म्हणाला. "शिट्ट्या मारायलेत... आता थांबले. बिभीषण्या, वाट बघायलेत."

"कशाची?"

"तुलाच ठावं. रीत तुला पाठ हाय."

"चला आता," मी म्हणालो.

तो वळला. वळताना थाळी जमिनीवरून उचलली गेली, कमरेएवढी, आणि त्यानं अंगाला चटका बसावा तसं कानावरच्या वाट्यांना धरलं. थाळीखाली काही नव्हतं. हवा होती. तरी यंत्र कोकलत होतं.

"खिशातल्या पैशाला लागलं असंल," मी म्हटलं.

"आपला न्हाय..." त्यानं थाळी हातभर डावीकडं नेली. "इथं गप." अजून डावीकडं. "इथं हाय." पुन्हा. "गप... हाय... गप... हाय..." बसलेल्या माणसाच्या खिशाच्या उंचीवर तो थाळी नेत होता, आणि प्रत्येक ठिकाणी एकेक. ओळीनं. मागची ओळ, तिच्या मागची ओळ. समोर नुसतं ऊन, तुळतुळीत माती, आणि त्याच्या पलीकडं पिवळं गवत.

"मधली वाट..." मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. "सोडा विकायला मधोमध वाट सोडलेली असायची... तिथं गप असंल..."

होतं. आंधळ्यानं काठी टेकावी तशी थाळी पुढं धरून खाजाभाई चालला, त्याच्या सदऱ्याचं टोक धरून मी. डावीकडं कोकलायचं, उजवीकडं कोकलायचं, मधे गप. एकदा माझा पाय जरा बाजूला पडला तर कुणीतरी पाय मागं घ्यावा तशी माती सरकली. दहा-बारा हातांची ती वाट, पण संपेना. सूर्य कधी कलला कळलं नाही. आमच्या सावल्या आमच्यापुढं लांब जाऊन पडल्या होत्या. आणि तट्टीचं दार होतं त्या जागी आलो तेव्हा खाजाभाई थांबला.

"समोर हाय."

"बाजूनं काढा."

"बाजूनंबी हाय. हा बसलेला न्हाय, बिभीषण्या..." त्यानं थाळी वर वर नेली, छातीपर्यंत. "उभा हाय."

मागं फिरता येत नव्हतं. रुपया परत ठेवावा म्हटलं, पण उचललेला रुपया परत ठेवलेला मी त्या थेटरात कधी पाहिला नव्हता. तेव्हा मी डोळे मिटले आणि गायला लागलो. एक जुनी लावणी, दीड कडवं, तेही बेसूर. सिताबाईनं ऐकलं असतं तर चप्पल काढली असती. पण दीड कडवं झालं आणि खाजाभाई म्हणाला, "गेला." यंत्र गप. डावीकडं गप, उजवीकडं गप. आम्ही दोघं रस्त्याला लागलो ते परंड्याचा किल्ला दिसेपर्यंत थांबलो नाही.

चांदी गुंडप्पानं मुशीत घातली. कुठून आणली विचारलं नाही. गुरुवारी तोडे तयार झाले, आधीच्यापेक्षा वजनदार. शुक्रवारी गफार आला, ओसरीवर बसला, बहिणीच्या पायांकडं पाहिलं आणि म्हणाला, "दुल्हेभाई, चाय मंगाव." मी स्वतः नेऊन दिला. दोन कप प्याला, खारी बुडवून खाल्ली आणि दुपारच्या मोटारीनं एकटाच परत गेला. नसीमभाभी आठवड्यानं नवऱ्याशी बोलली. यंत्र खाजाभाईनं मोडलं. त्याचे वाल्व परंड्यातल्या दोन-तीन रेडिओंत अजून वाजत असतील.

आता कबूल केल्याप्रमाणं खोटी जागा.

गाणं मी म्हटलंच नाही. घसा असा कोरडा पडला होता की शब्द तर सोडाच, नुसता आवाज निघेना. खाजाभाईनं बॅटरीची तार ओढून तोडली. यंत्र बंद पडलं, आणि आता समोर कुणी नाही असं धरून आम्ही डोळे मिटून सरळ पळालो. पळताना माझ्या गालाला घोंगडी घासली. वैशाख होता, पाऊस नव्हता, आणि घोंगडी ओली होती. तेव्हा गाणं बाकीच आहे. आणि तो रुपया तोड्यात आहे. उजव्या की डाव्या, ते गुंडप्पालाही सांगता यायचं नाही.

भाभी संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडते, माती बसावी म्हणून. तोडे आले त्या आठवड्यापासून सकाळी त्या ओल्या मातीवर खुणा दिसायला लागल्या. मांडी घालून बसल्याच्या. आधी पार कुंपणाशी एक ओळ, मग तिच्या अलीकडं दुसरी. मधोमध एक वाट सोडलेली. खाजाभाई पहाटे उठून झाडून टाकायचा, बायकोला दिसू नये म्हणून. ओळी ओसरीच्या पायरीशी आल्या तेव्हा त्यानं मला बोलावून घेतलं, आणि माझ्यादेखत तिला म्हणाला, "नसीम, वो तोडे उतार. मी दुसरे करून देतो. सोन्याचे देतो. आज उतार."

दिवेलागणीची वेळ होती. भाभी ओसरीच्या कडेला उभी होती, डावा पाय जरा पुढं. तिनं जन्मात तमाशा पाहिलेला नाही. आमच्याकडं तिनं पाहिलंच नाही, आमच्या डोक्यावरून मोकळ्या अंगणाकडं बघत होती, आणि घरात पाहुणे असले की बोलतात तशा हळू आवाजात म्हणाली,

"उतारूँ कैसे जी... सब बैठे हैं ना."